मऊ भात कधीपर्यंत? डायव्हर्टिक्युलायटिसनंतरचे दहा महिने

काकूंनी टेबलावर आधी वही ठेवली आणि मग पिशवीतून चहाची गाळणी काढली. गाळणी कशाला आणली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "टोमॅटोच्या बिया ह्यातनं काढते. एक जरी गेली पोटात तरी जीव थाऱ्यावर राहत नाही."

पाच महिने त्या घरात टोमॅटो उकडून, साल काढून, गाळणीतून चमच्याने दाबून मगच आमटीत पडत होता. गाळणीची जाळी मध्यावर खोलगट झाली होती. काकडी, वांगं, भेंडी, पेरू, शेंगदाणे, सगळं बंद. संक्रांतीला तिळगूळ वाटला, पण घरात कुणी तोंडात टाकला नाही. काकांना एकट्याला वाईट वाटू नये म्हणून काकूंनीही खाल्ला नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. लिहावंसं वाटलं ते आजारापेक्षा आजारानंतरच्या त्या पाच महिन्यांमुळे. काकांना आलेला डायव्हर्टिक्युलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्यातल्या पिशव्यांना सूज येण्याचा, झटका चार दिवसांत आटोक्यात आला होता. त्याच्या भीतीने घातलेलं पथ्य मात्र संपतच नव्हतं, आणि त्या पथ्यानेच काका खंगत चालले होते.

काका ६१ वर्षांचे, एसटीचे निवृत्त चालक. सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, डाव्या बाजूला खाली, कंबरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून ओवा आणि काळं मीठ झालं, सोड्याचं पाणी झालं. कंबरदुखीसाठी घरात असलेली डायक्लोफेनॅकची गोळी त्यांनी दोन दिवसांत चार वेळा घेतली. तिसऱ्या दिवशी १०१ ताप आणि थंडी. दवाखान्यात नेताना रिक्षा खड्ड्यातून गेली की ते पोट धरून ओरडायचे. मला सांगताना म्हणाले, "तीस वर्षं गाडी चालवली ताई, पण खड्डा पोटात लागतो हे त्या दिवशी कळलं." हे लक्षण फार महत्त्वाचं आहे. साध्या गॅसच्या दुखण्यात माणूस पोट चोळतो, येरझाऱ्या घालतो. आतड्याला सूज असली की हलायलाच नको वाटतं, धक्का सहन होत नाही.

रक्तात पांढऱ्या पेशी १५,६०० होत्या. सीटी स्कॅनमध्ये निदान झालं: मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणदार भागात, म्हणजे सिग्मॉइडमध्ये, बऱ्याच पिशव्या आणि त्यांतल्या एका भागाला सूज. पू साचलेला नव्हता, आतडं फुटलेलं नव्हतं. चार दिवस सलाईन आणि शिरेतून प्रतिजैविकं, मग घरी. सात आठवड्यांनी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी झाली. सूज पूर्ण उतरल्यावर ही तपासणी करतात, कारण सीटीत जाड दिसलेल्या भिंतीमागे कधीकधी कर्करोग असतो, आणि सूज असताना दुर्बीण घालणं धोक्याचं. काकांच्या आतड्यात पिशव्यांशिवाय एक छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची गाठ, निघाला. तो तिथेच काढला, तपासणीत साधा ठरला.

या पिशव्या होतात कशा, हे मी काकांना कागदावर आकृती काढून सांगत होते. मोठ्या आतड्याच्या भिंतीला स्नायूंचा थर असतो. रक्तवाहिन्या त्या थरातून जिथे आत शिरतात, त्या जागा मुळातच जरा अशक्त. आत दाब वाढला आणि वयाने भिंत सैल झाली की त्या जागांमधून आतलं अस्तर बाहेर फुगतं. मटारच्या दाण्याएवढी पिशवी होते. एक, दोन, कधी डझनांनी. मी एवढं बोलले आणि काका म्हणाले, "म्हंजे टायरला फुगा आलाय."

इतकी नेमकी उपमा मला बारा वर्षांत सुचली नव्हती. फुगा आलेला टायर लगेच फुटतो असं नाही. कित्येक गाड्या तशाच पळतात. नुसत्या पिशव्या असलेल्या शंभर माणसांत सूज येऊन झटका येणारे पाचही नसतात. बाकीच्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, दुसऱ्याच कारणाने तपासणी झाली तर कळतं. पण फुगा आलाय हे एकदा कळल्यावर शहाणा चालक गाडी किती लादायची, हवा किती ठेवायची, याचा विचार करतो. पुढचे सगळे महिने आमची भाषा हीच राहिली.

मग काकूंनी तो प्रश्न विचारला, जो त्या बहुधा सप्टेंबरापासून गिळून बसल्या होत्या. "माझ्या हातचं तिखट जास्त असतं. त्यानं झालं का?"

नाही. तिखटावर ठपका ठेवावा असा पुरावा नाही. जुळ्या भावंडांवर स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये मोठे अभ्यास झाले आहेत. त्यांतून दिसतं की या आजाराचा जवळपास निम्मा कल अनुवंशातून येतो. काकांच्या वडिलांना म्हातारपणी संडासातून एकदा भरपूर रक्त गेलं होतं आणि "मूळव्याध असेल" म्हणून सोडून दिलं होतं, हे त्याच बैठकीत काकांना आठवलं. ते पिशव्यांचंच होतं की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. घरातल्या बाईच्या स्वयंपाकावर नवऱ्याच्या आजाराचं खापर फुटतं आणि बहुतेक वेळा ते ती स्वतःच फोडून घेते. म्हणून हे स्पष्ट सांगणं मला उपचाराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

उरलेला निम्मा भाग राहणीचा. तिथे मात्र बोलण्यासारखं खूप होतं.

एसटीच्या चालकाचं आयुष्य वेळापत्रकावर चालतं, पण त्याचं पोट त्या वेळापत्रकात कुठेच नसतं. पहाटे साडेचारला उठून गाडी काढायची. गाडी भरली की मध्ये थांबता येत नाही, म्हणून लघवी लागू नये यासाठी पाणी कमी प्यायचं. स्टँडवरचं शौचालय असं की नाक धरून बाहेर यावं, म्हणून परसाकडची भावना दाबायची. जेवण कधी अकराला, कधी चारला. वडापाव, भजी, चहा आणि मुक्कामी गाडीच्या गावात रात्री जे मिळेल ते. दहा-बारा तास बसून. कंबर धरली की वेदनाशामक गोळी. आणि बिडी, दिवसाला दहा-बारा.

या प्रत्येक सवयीचा या आजाराशी सारखाच संबंध आहे असं मात्र नाही, आणि ते सरसकट एकत्र बांधणं मला पटत नाही. बद्धकोष्ठतेनेच पिशव्या होतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते पक्कं सिद्ध झालेलं नाही. आहारात तंतू, म्हणजे धान्य-भाज्यांतला चोथा, कमी पडल्याने पिशव्या होतात, हा विचार डेनिस बर्किट आणि नील पेंटर या दोन ब्रिटिश शल्यविशारदांनी १९७१ साली ठामपणे मांडला. बर्किट युगांडात काम केलेले. तिथल्या खेड्यांतल्या भरड अन्न खाणाऱ्या लोकांत हा आजार जवळजवळ नाही आणि इंग्लंडात म्हाताऱ्यांत घरोघरी आहे, हे त्यांना ठळक दिसलं होतं. त्यांच्या मांडणीतलं सगळं पुढे टिकलं नाही. पिशव्या होण्यामागे तंतूंची कमतरता किती, यावर आजही वाद आहे. पण पिशव्यांना सूज येण्याशी, म्हणजे खऱ्या त्रासाशी, राहणीचा संबंध चांगला दिसतो. अमेरिकेतल्या पुरुष आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घ अभ्यासातून २०१७ साली पाच गोष्टी एकत्र तपासल्या गेल्या: तांबडं मांस कमी, तंतू पुरेसे, आठवड्याला दोन तास तरी दमवणारा व्यायाम, आटोक्यातलं वजन आणि धूम्रपान नाही. या पाचही गोष्टी सगळ्यांनी पाळल्या असत्या तर निम्मे झटके टळले असते, असा त्यांचा हिशेब निघाला.

काकांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेदनाशामक गोळ्यांचं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या आतड्याचं अस्तर दुबळं करतात. पिशव्या असलेल्या माणसात सूज येणं, पिशवी फुटणं, रक्तस्राव होणं, तिन्हींचा धोका त्यांनी वाढतो. काका त्या गोळ्या दहा वर्षं, आठवड्यातून तीन-चार वेळा घेत होते, आणि हे त्यांनी कोणत्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं. मेडिकलमधून सुटी मिळते ती गोळी म्हणजे औषध नव्हे, ही समजूत आपल्याकडे किती खोल आहे! मी म्हटलं, "घरातल्या सगळ्या गोळ्या पुढच्या वेळी डबा भरून आणा." त्यांनी खरंच बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. त्यात डायक्लोफेनॅकच्या सात स्ट्रिप होत्या. शिवाय रुग्णालयातून आलेल्या प्रतिजैविकाची अर्धी स्ट्रिप, "पुढच्या वेळी लागंल म्हणून" मुलाने जपून ठेवलेली.

दोन्ही गोष्टींची खबर मी त्यांच्या डॉक्टरांना दिली. कंबरेसाठी पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपी ठरली. उरलेलं प्रतिजैविक टाकून दिलं. सौम्य झटक्यात, पू किंवा छिद्र नसताना, तब्येतीने धडधाकट रुग्णाला प्रतिजैविकाशिवायही बरं करता येतं, हे स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलेलं आहे. पण झटका सौम्य आहे की नाही हे घरच्या पलंगावर ठरत नाही. ते तपासणीनेच ठरतं. अर्धी स्ट्रिप घेऊन दोन दिवस काढणं म्हणजे ती तपासणी पुढे ढकलणं. (ज्यांना हृदयासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू आहे त्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा.)

आता त्या मऊ भाताकडे येते.

रुग्णालयातून सोडताना दिलेल्या कागदावर आहाराच्या रकान्यात एक ओळ होती: मऊ, चोथा नसलेला आहार, बिया टाळा. ही ओळ चुकीची नाही. झटक्यात सुजलेल्या आतड्याला विश्रांती हवी असते. म्हणून एक-दोन दिवस पातळ पदार्थ, मग पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, ताक. ओळीत चुकलं ते एवढंच की "किती दिवस" हे लिहिलं नव्हतं. काही दिवसांसाठी सांगितलेलं पथ्य काकूंनी आयुष्यभराचं धरलं. कुणीही धरलं असतं.

काकूंच्या वहीत रोजचं खाणं लिहिलेलं होतं, त्याचा हिशेब मी केला. दोन वेळा मऊ भात, साल काढलेल्या मुगाचं वरण, दुधात भिजवलेली मारी बिस्किटं, दुधी गाळून केलेलं सूप, एकादशीला साबुदाण्याची खीर. दिवसाचे तंतू जेमतेम ८ ग्रॅम. या वयाच्या माणसाला निदान तिप्पट हवेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात साधारण ३ ग्रॅम तंतू आहेत, ज्वारीत १० आणि बाजरीत ११. साबुदाण्यात नावालाही नाहीत. ज्या घरात तीन पिढ्या ज्वारीच्या भाकरीवर वाढल्या, तिथली भाकरी एका ओळीने बंद झाली होती.

परिणाम दिसत होते. तीन दिवसांतून एकदा संडास, तोही खड्यासारखा. वजन ७९ वरून ७० किलो. लोक "बारीक झालात, छान" म्हणायचे. पण एका मजल्याचा जिना चढताना काका कठड्याला धरत होते, हिमोग्लोबिन ११.२ होतं आणि मांड्यांचं मांस उतरलं होतं. ते वजन चरबीचं कमी आणि स्नायूंचं जास्त गेलं होतं. बाहेर जेवण बंद, लग्नांना जाणं बंद. गाडीत बसून परगावी जायचं म्हटलं की घाम फुटायचा. तीस वर्षं ज्याने गाडी हाकली, त्या माणसाला!

बियांबद्दल मी त्यांना सरळ सांगितलं. बी पिशवीत अडकतं आणि सूज येते, ही कल्पना ऐकायला पटते, म्हणूनच इतकी टिकली. २००८ साली अमेरिकेत ४७,००० पुरुषांच्या अठरा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दाणे, मका, लाह्या खाणाऱ्यांत झटके वाढलेले आढळले नाहीत. दाणे आणि लाह्या भरपूर खाणाऱ्यांत उलट कमी होते. मार्गदर्शक सूचनाही आता बिया टाळायला सांगत नाहीत. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि गाळणी परत पिशवीत ठेवली. टाकली नाही. मीही काही बोलले नाही. आकड्यांनी भीती जात नाही, ती रोजच्या अनुभवाने हळूहळू जाते.

म्हणून घाई केली नाही. पहिल्या आठवड्यात फक्त भाताची जागा बदलली: एक वेळ मऊ भात, एक वेळ सालीच्या मुगाची खिचडी, तिच्यात दुधी आणि गाजर. दुसऱ्या आठवड्यात दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, ताकात कुस्करून. दर आठवड्याला पाचेक ग्रॅम तंतू वाढवायचे आणि पाणीही त्याच बेताने. तंतू वाढले आणि पाणी वाढलं नाही तर पोट आणखी घट्ट होतं. रात्री एक चमचा इसबगोल, मोठा पेलाभर पाण्यात, लगेच प्यायचं. सकाळी चहानंतर दहा मिनिटं संडासात बसायचं, होवो न होवो, कुंथायचं नाही. गुडघ्यांमुळे कमोड वापरत होते, तेव्हा पायाखाली घरातला पाट ठेवायला सांगितलं. या पाटाने जेवढा फरक पडला तेवढा इसबगोलाने पडला नसेल, असं काका अजून म्हणतात.

तिसऱ्या आठवड्यात चूक झाली, आणि ती माझी होती. पोट बरं चाललंय म्हणून मी मटकीच्या उसळीला होकार दिला, किती खायची ते नीट सांगितलं नाही. काकांनी पाच महिन्यांनी उसळ पाहिली, दोन वाट्या खाल्ली. रात्री अकराला काकूंचा फोन. पोट फुगलंय, दुखतंय, मुलगा गाडी काढतोय.

मी विचारलं, ताप आहे का? नाही. दुखणं एका जागी आहे की फिरतंय? फिरतंय, वर-खाली. पोट दाबल्यावर कळ येते का? नाही. वारा सरतोय का? सरतोय. उठून चालवतंय का? काका फोनवर मागून ओरडले, "चालतोयच की मघापासून!" ते चालणंच मला धीर देणारं होतं. डॉक्टरांनाही त्याच वेळी फोन लावला. त्यांनी थांबायला सांगितलं, कोमट पाणी, डाव्या कुशीवर झोप, आणि ताप आला किंवा कळ एका जागी बसली तर लगेच या. पहाटे दोनला पोट मोकळं झालं. सकाळी रक्त तपासलं, सूज दाखवणारा सीआरपी ठीक होता.

त्या रात्रीनंतर फ्रिजवर एक कागद लागला, काकांच्या अक्षरात. ताप. एकाच जागी वाढत जाणारी कळ. उलट्या. वारा आणि संडास दोन्ही बंद. संडासात रक्त. लघवीतून हवेचे बुडबुडे. यांतलं एक जरी दिसलं तरी वाट पाहायची नाही. आणि यांतलं काहीच नसेल तर रात्र काढता येते. सप्टेंबरापासून त्यांच्यासाठी पोटातली प्रत्येक गुडगुड म्हणजे झटका होती. आता तिला दोन नावं झाली, आणि माझ्या मते बरं होण्याची सुरुवात तिथून झाली.

उसळ सोडली नाही. मटकी मोड आणून, चांगली शिजवून, चार चमच्यांपासून पुन्हा सुरू केली.

बिडीचं प्रकरण वेगळंच निघालं. रुग्णालयात बंद झाली होती, दिवाळीपासून परत आली होती, आणि कारण होतं "बिडी ओढल्याबिगर पोट साफ होत नाही." ही समजूत नव्हे, शरीराची सवय आहे. निकोटीनने आतडं हलतं आणि वर्षानुवर्षं तोच इशारा मिळाला की आतडं त्याचीच वाट बघतं. मऊ भाताने संडास अडली, म्हणून बिडी परत आली. ज्या पथ्याने आजार दूर ठेवायचा, त्याच पथ्याने आजाराची दुसरी सवय घरात आणली होती. भाकरी, भाजी, इसबगोल आणि पाटाने सकाळची वेळ बसल्यावर बिडीचं ते कारणच उरलं नाही. गुढीपाडव्याला कडुलिंबाचा पाला खाऊन त्यांनी ती सोडली. मे महिन्यात एका लग्नात दोन ओढल्या, स्वतःहून सांगितल्या. त्यानंतर नाही.

मटण आठवड्यातून दोनदा पाव-पाव किलो होतं, ते पंधरा दिवसांतून एकदावर आलं, मधल्या वारी मासे. याला फारसा विरोध झाला नाही. एकादशीला साबुदाण्याऐवजी रताळं, राजगिरा, भगर, दाण्याची आमटी आणि फळं.

मुलाचा एक प्रश्न मधूनमधून यायचा: "ऑपरेशन करून तो भागच काढून टाकला तर?" एकेकाळी दोन झटक्यांनंतर तसा सल्ला सर्रास मिळायचा. आता प्रत्येक रुग्णाचं वेगळं बघतात. पहिल्या साध्या झटक्यानंतर दहा वर्षांत साधारण पाचातल्या एकालाच पुन्हा होतो. आणि शस्त्रक्रियेने विषय कायमचा मिटतोच असंही नाही. पोप फ्रान्सिस यांच्या मोठ्या आतड्याचा ३३ सेंटिमीटर भाग जुलै २०२१ मध्ये रोमला याच आजारामुळे काढला होता, आणि जानेवारी २०२३ मध्ये पिशव्या पुन्हा झाल्याचं त्यांनीच सांगितलं. जगातले उत्तम शल्यविशारद हाताशी असलेल्या माणसाची ही गोष्ट. राहणी सांभाळायची ती शस्त्रक्रियेनंतरही सांभाळावीच लागते. गुंतागुंत झाली, वारंवार झटके आले, तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि तेव्हा मागे हटू नये. काकांवर ती वेळ आलेली नव्हती.

चालणं मात्र मी लावून धरलं. सुरुवात घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत, पाच मिनिटं. एप्रिलमध्ये अर्धा तास, मेमध्ये सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर, त्यातला चढ दमवणारा. त्याच सुमारास एकदा काका म्हणाले की तीस वर्षं आषाढीला जादा गाड्या घेऊन वारकऱ्यांना पंढरपूरला सोडलं, पण स्वतः एक पाऊल वारीत टाकलं नाही. निवृत्तीनंतर जायचं होतं. पहिल्या दोन वर्षी कंबर दुखत होती, मग हे झालं.

डॉक्टरांशी बोलून आम्ही दोन मजलांवर थांबलो: लोणंद ते तरडगाव आणि तरडगाव ते फलटण. पहिली लहान, दुसरी वीस किलोमीटरच्या आसपास. आपल्याच जिल्ह्यातला रस्ता, मुलगा मोटारसायकलवर मागेपुढे. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, इसबगोल, पॅरासिटामॉल, सीटीच्या अहवालाची झेरॉक्स आणि फ्रिजवरच्या कागदाची नक्कल. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: परसाकडे लागली तर दिंडी पुढे जाऊ द्या, तुम्ही थांबा. इथे मागे प्रवासी ओरडणारे नाहीत.

जाण्याआधी शेवटची तपासणी झाली. वजन ७२ किलो, हिमोग्लोबिन १२.९. वहीतल्या त्या आठवड्याच्या हिशेबाने दिवसाला सरासरी ३१ ग्रॅम तंतू: दोन भाकऱ्या, दोन पोळ्या, उसळ किंवा डाळ, दोन्ही वेळा पालेभाजी किंवा फळभाजी, आणि एक केळं. पेरू अजून नव्हता. काकडी सोलून, बियांचा भाग काढूनच. काकूंनी ते स्वतःच सांगितलं, जरा अपराधी होऊन. मी म्हटलं, असू द्या.

पहिल्या दिवशी तरडगावच्या आधी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहिलं. काकांनी तिथून फोन केला, पण टाळांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर फोन नाही. मी दुपारी दोनदा उचलून ठेवला. संध्याकाळी साडेसातला काकूंच्या मोबाइलवरून एक फोटो आला. फलटणच्या रस्त्यावर, पावसात भिजलेल्या टोपीतले काका, हातात भाजलेल्या मक्याचं कणीस. दाणा एकही शिल्लक नव्हता, नुसतं बुरकुंडं. खाली काकूंनी लिहिलं होतं, "मी पण अर्धं खाल्लं."